हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात पेन्शनरला सरकारला कळवावं लागतं की आपण अजून आहोत. कोषागाराकडून बँकेत यादी आलेली असते, तिच्यात आपल्या नावापुढे सही केली की पुढचं वर्ष मोकळं. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, विनोद ठरलेला असायचा, "चला, मेलो नाही म्हणून सांगून येतो." २०१२ साली ते पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. तेव्हापासून हे काम ते एकटे करायचे, येताना राजवाड्यावरून कंदी पेढे आणायचे. २०२३ च्या नोव्हेंबरात मी पुण्याहून सातारला आले होते म्हणून आईनं मला बरोबर धाडलं. "त्यांची सही बिघडलीय गं. तिथं कुणी काही बोललं तर चिडतील."

बँकेत त्यांनी पेन घेतलं, मनगट काउंटरच्या कडेला दाबून धरलं आणि सही सुरू केली. पहिलं अक्षर नेहमीसारखं टपोरं, दुसरं जरा बारीक, आडनावापर्यंत येईतो मुंग्यांची रांग. अप्पांना कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन. त्यात अक्षर असं आक्रसत जातं. काउंटरवरची मुलगी गोड बोलणारी होती. "राहू द्या काका, अंगठासुद्धा चालतो." चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या बिलांवरच्या सह्या तपासलेला माणूस, त्याला अंगठा म्हटल्यावर कसं वाटलं असेल ते मी त्यांच्या मानेवरून ओळखलं.

निघताना आईनं पिशवीत पासबुक टाकलं होतं. वर्षभर भरलं नव्हतं. अप्पा म्हणाले, "राहू दे गं, गर्दी आहे." गर्दी नव्हती. यंत्रासमोर एकच बाई होती, तीही निघाली. मी पासबुक आत सरकवलं आणि कर्र कर्र सुरू झालं. पान संपलं, यंत्र पान उलटायला सांगायला लागलं. उलटलं. पुन्हा कर्र कर्र. पाचशे, पाचशे, हजार, पाचशे, दोन हजार, एकाच तारखेला अकरा ओळी. प्रत्येक ओळीत यूपीआय आणि पुढं कसल्या कसल्या अक्षरांची जोडाजोड. मधूनच एखादी जमा, बाराशेची, साडेतीन हजारांची. मग पुन्हा खाली खाली. पासबुक संपलं तरी नोंदी मार्चपर्यंतच आल्या होत्या. नवं पासबुक घेतलं, तेही निम्मं भरलं. शेवटच्या ओळीत शिल्लक एक हजार तीनशे बारा रुपये. त्या दिवशी महिन्याची तेवीस तारीख होती आणि पेन्शन अडतीस हजारांवर होती.

अप्पा भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभे होते.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल? फसवणूक. रोज पेपरात तेच येतं, म्हाताऱ्या माणसाला फोन येतो, ओटीपी मागतात, खातं साफ. मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला कुणीतरी लुबाडलंय." ते म्हणाले, "हां, बहुतेक तसंच असेल." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. पुढचे दोन दिवस त्यांनी मला त्याच समजुतीत ठेवलं. मी सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावायला घेतला, तेव्हा म्हणाले उद्या करू. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन पोलीस ठाण्यात निघाले तर पायात चप्पल घालून माझ्याआधी दारात येऊन उभे राहिले. "जाऊ नको. कुणी फसवलेलं नाही. मीच भरलेत."

"कशाला?"

"रमीला."

आई स्वयंपाकघरात होती. तिनं गॅस बंद केला, बाहेर मात्र आली नाही.

मोबाइल त्यांना मीच दिला होता, २०२० च्या टाळेबंदीत, नातवाचा चेहरा दिसावा म्हणून. लाइटबिल घरबसल्या भरता यावं म्हणून यूपीआय माझ्या धाकट्या भावानं शिकवलं. पत्त्यांचा फुकटातला खेळही मीच घालून दिला होता, कारण डॉक्टर म्हणाले होते की डोकं चालतं ठेवा. त्या फुकट खेळातच पैशांच्या रमीच्या जाहिराती यायच्या. पहिल्यांदा पैसे भरले की वर बोनस. पॉइंट रमी म्हणून प्रकार असतो. तेरा पानं, लागली नाहीत तर हातातल्या पानांचे गुण मोजायचे, जास्तीत जास्त ऐंशी. गुणाला एक रुपया लावला असेल तर एका डावात ऐंशी रुपये जातात. ऐंशी रुपये म्हणजे काय मोठं, असं आपल्याला वाटतं. डाव दोन मिनिटांत संपायचा, आणि गुणाला पाच रुपयांचं टेबल त्याच पडद्यावर शेजारीच असायचं.

अप्पांनी आम्हाला कोर्टाचा दाखलाही दिला. "रमी हा कौशल्याचा खेळ आहे, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय." सांगितलंय हे खरं, साठच्या दशकातल्या निकालात. खेळातून जागेचा मालक नफा काढत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो, असंही त्याच निकालात आहे. जाहिरातींत अर्थातच पहिलाच भाग यायचा, आणि आयुष्यभर शासन निर्णय वाचलेल्या माझ्या वडिलांनी या बाबतीत मात्र मूळ कागद मागितला नाही.

पुढचे चार दिवस मी हिशेब करत बसले. सहा लाखांच्या मुदतठेवी मुदतीआधीच मोडलेल्या. त्यांच्या मित्रांकडून हातउसने सत्तर हजार. आईच्या पाटल्या एका पतसंस्थेत सोनेतारणाला, एक लाख ऐंशी हजारांना. पेन्शनीतून गेलेले वेगळे. जिंकलेले वजा करून सव्वा वर्षात साधारण अकरा लाख. पाटल्या कपाटात नाहीत हे आईला दिवाळीत कळलं होतं. तिला वाटलं कामवालीनं घेतल्या. बिचारीला तिनं काही न बोलता काढून टाकलं होतं. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठा अन्याय मला तोच वाटतो. नंतर आई तिच्या घरी जाऊन आली, पण ती परत कामाला आली नाही, आणि का यावं?

आता मागं वळून बघितलं तर सगळं डोळ्यांसमोरच होतं. अप्पा गोलबागेत जायचे बंद झाले होते. आम्ही म्हणायचो, चालवत नाही त्यांना. खरं तर ज्यांच्याकडून पैसे घेतले ते तिथं बसायचे. रात्री जागे असायचे, आम्ही म्हणायचो कंपवातात झोप कमी होतेच. मोबाइल संडासात घेऊन जायचे. फोनवर बोलताना मध्येच "ठेव, ठेव, नंतर बोलू" करायचे. रात्री अकरानंतर कुणा पोराचा फोन यायचा, "सर, आज तुमच्यासाठी खास बोनस आहे", आणि आई समजायची ऑफिसातलं कुणी असेल. आमच्या घरात अप्पांचा बीपी दर आठवड्याला तपासला जायचा, साखर तीन महिन्यांनी. पासबुक कुणी बघायचं नाही. वडिलांना "तुमच्या खात्यात किती आहेत" असं विचारणं आमच्याकडे उद्धटपणात मोडतं. भावाची नोकरी गेली होती तेव्हा त्याला हा प्रश्न सगळ्यांनी विचारला होता, अप्पांना कधीच कुणी नाही.

सुरुवातीला आम्ही केलं ते सगळं चुकलं. भाऊ संभाजीनगरहून रात्रीच्या गाडीनं आला आणि आल्या आल्या बापावर ओरडला. "या वयात ही अक्कल? ताई, फोन काढून घे त्यांचा." फोन काढून घेतला. आठ दिवसांत त्यांच्याकडे दुसरा आला, साडेसहा हजारांचा, हप्त्यावर. अ‍ॅपमध्ये स्वतःला बंद करून घ्यायची सोय असायची, ती त्यांच्याकडूनच वापरून घेतली. त्याच संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचं अ‍ॅप. तिथं नव्या गिऱ्हाईकाचा बोनस पुन्हा पहिल्यापासून! मग आईनं देवासमोर शपथ घ्यायला लावली. अप्पांनी घेतलीही, आणि त्यांचा मोडायचा हेतू नव्हता हे मी लिहून देईन. चौथ्या रात्री दोन वाजता मी पाण्याला उठले तर अंधारात त्यांचा चेहरा निळा दिसत होता. उजवा हात थरथरत होता, म्हणून डाव्या हाताच्या अंगठ्यानं पानं सरकवत होते. मांडीवर पेढ्यांचा पुडा, निम्मा संपलेला. मला बघून त्यांनी आधी पुडा लपवला. मोबाइल नंतर.

म्हणाले, "गेलेले तेवढे परत आले की बंद. आईच्या पाटल्या सोडवायच्यात मला."

मी गच्चीवर गेले आणि १४४१६ लावला. हा टेलिमानसचा, मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबर, केंद्र सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेला. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नंबर मला शाळेतल्या फलकामुळे पाठ होता. मी शिक्षिका आहे, तो मुलांसाठी लावलाय. बापासाठी लावावा लागेल असं वाटलं नव्हतं. पलीकडच्या बाईंनी मला अर्धा तास बोलू दिलं. माझं निम्मं बोलणं रडण्यातच गेलं. त्यांनी एक विचारलं, "ते जिवाचं काही बरंवाईट बोलतात का?" मी नाही म्हटलं. मग आठवलं की परवा म्हणाले होते, पुढच्या नोव्हेंबरात सहीला जावंच लागलं नाही तर बरं. मी तो विनोद समजले होते. बाई म्हणाल्या, विनोद समजू नका, उद्याच मानसोपचार डॉक्टरांना दाखवा आणि तोवर त्यांना एकटं ठेवू नका. घरातल्या गोळ्या, उंदराचं औषध, काय काय उचलून ठेवायचं तेही सांगितलं. आणि जाताना औषधांची पूर्ण फाइल न्या. फाइलचं त्यांनी दोनदा सांगितलं.

डॉक्टरांकडे न्यायचं कसं, हा प्रश्न होता. "मी वेडा आहे का?" हे होणारच होतं. मी खोटं बोलले, म्हटलं झोपेसाठी जाऊया. ते तसं पूर्ण खोटंही नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. अप्पांना त्यांनी खुर्ची जवळ ओढून बसवलं, नोकरीचं विचारलं, धरणाच्या कामांचं विचारलं. दहा मिनिटांनी सहज म्हणाले, "काका, खेळताना रक्कम वाढवत न्यावीशी वाटते का?" अप्पा म्हणाले, "नाही, तसं काही नाही." "आणि किती खेळता याबद्दल घरात कधी खोटं बोलावं लागलं?" अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली. मग म्हणाले, "हिला दोन दिवस सांगितलं की मला फसवलंय म्हणून." हे दोन प्रश्न जगभर वापरतात, असं मला नंतर कळलं. एकाचंही उत्तर हो आलं तर पुढं नीट तपासायचं. इतके साधे प्रश्न आम्ही तिघांपैकी एकानंही विचारले नव्हते. आम्ही विचारत होतो "का केलंत" आणि "लाज नाही वाटली का".

मग त्यांनी फाइल उघडली. चिठ्ठ्या उलट्या क्रमानं बघत गेले आणि एकीवर थांबले. "ही प्रामिपेक्सोल कधीपासून आहे?"

कंपवाताचं निदान २०१९ चं. २०२१ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी ही गोळी सुरू केली, २०२२ च्या जूनमध्ये डोस वाढवला. त्या वाढीव डोसानं अप्पांची चाल खरोखर सुधारली होती. आम्ही त्या डॉक्टरांना पेढे दिले होते. मानसोपचार डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं म्हणून हात थरथरतो, पाऊल अडतं. ही गोळी डोपामिनचं सोंग घेऊन त्याच्या जागी काम करते. पण ती हातापायांच्या वाटेवरच थांबत नाही. मेंदूत जी जागा "अजून एकदा" म्हणते, तिलाही ती ढोसत राहते. काही रुग्णांत त्यातून जुगार सुरू होतो, काहींत वेडी खरेदी, काहींत कामवासना, काहींत रात्रीचं खाणं. पेढ्यांचा पुडा मी त्यांना सांगितलाच नव्हता. त्यांनीच विचारलं, "गोड खातात का रात्री?"

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर एका बाजूला चिठ्ठ्या मांडल्या, दुसऱ्या बाजूला पासबुक. पेन्सिलीनं रेघा मारल्या. २०२१ ला अधूनमधून शंभर-दोनशे. जून २०२२ ला डोस वाढला. ऑगस्टपासून पाचशेच्या ओळींची रांग. पहिली मुदतठेव मोडली ऑक्टोबरात. भाऊ माझ्या खांद्यावरून बघत होता. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग आत जाऊन अप्पांच्या पायाशी बसला. त्या रात्री मी इंटरनेटवर वाचत बसले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या एका पाहणीत कंपवाताचे तीन हजारांवर रुग्ण तपासले होते. त्यात साधारण वीसात एकाला जुगाराचा त्रास होता. गोळीच्या खोक्यातल्या बारीक इंग्रजी कागदावरही तो इशारा छापलेला असतो. तो कागद आम्ही दर महिन्याला टाकून देत होतो. गोळी लिहून देताना आम्हाला कुणी तोंडी सांगितलं असतं तर? हा राग माझा अजून गेलेला नाही. आणि हेही खरं की दर तीन महिन्यांनी तपासायला गेल्यावर डॉक्टर विचारायचे, "बाकी काही?" आणि आम्ही म्हणायचो, "बाकी सगळं छान."

भावाचं म्हणणं, गोळी आजच बंद. डॉक्टरांनी तेवढ्यापुरता आवाज चढवला. अचानक थांबवली तर माणूस कासावीस होतो, घाबरतो, खचतो, आणि हात-पाय एकदम जखडतात. ती आठवड्या-आठवड्यानं उतरवायची, लेव्होडोपा हे कंपवाताचं दुसरं औषध सांभाळून वाढवायचं, आणि हे मेंदूविकारतज्ज्ञानं करायचं. आम्ही पुण्यात नव्या तज्ज्ञांकडे गेलो. उतरवायला जवळजवळ तीन महिने लागले, आणि ते तीन महिने वाईट होते. जुगाराची हाव ओसरत होती तसं शरीर मागं जात होतं. शर्टाची बटणं लागेनात. दाराच्या उंबऱ्यापाशी पाऊल चिकटून राहायचं. एकदा मला म्हणाले, "हात चालत होता तेव्हा डोकं चळलं, आता डोकं आलं तर हात गेला. सरकारी काम झालंय." मी हसले. मग ते पण हसले.

इथं थांबले असते तर गोष्ट सोपी झाली असती. गोळीनं केलं, गोळी गेली, सुटलो. सगळ्या नातेवाइकांना आम्ही तेच सांगत होतो, आणि सांगायला बरंही वाटत होतं. पण आत्या भेटायला आली आणि ऐकून म्हणाली, "गोळी? मग अठ्ठ्याहत्तर साली कुठली गोळी खात होता?"

अप्पा नोकरीला लागले त्या वर्षी अख्खा पहिला पगार मटक्यात घालून आले होते. त्या काळी मटका गावोगाव होता. १९६२ साली मुंबईत कल्याणजी भगतांनी वरळीचा मटका काढला, दोन वर्षांनी रतन खत्रीनं आपला वेगळा काढला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडा लागायचा. साताऱ्याच्या पानटपरीवर बसून न्यूयॉर्कच्या कापसावर पैसे लावणारे लोक आपल्याकडे होते, ही मला अजून मौज वाटते. निघालेल्या आकड्यांची बेरीज करायची, तिचा शेवटचा अंक तो ओपन, तसाच नंतर क्लोज, दोन्ही मिळून जोडी. अंक लागला तर एकाला नऊ. आजोबांनी अप्पांना पालच्या खंडोबाला नेऊन भंडारा उचलायला लावला, आणि ते त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं खेळले नाहीत. आईला लग्नात यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. पूर्वी जुगाराची सवय असलेल्यांना या गोळीचा धोका जास्त असतो, म्हणाले, म्हणून तर आधी विचारायला हवं. "आणि गोळी गेली तरी वाट मेंदूला माहीत झालेली असते. समुपदेशन थांबवू नका."

समुपदेशनाच्या ताईंकडे अप्पा पंधरा दिवसांनी जायचे. त्यांनी एक वही दिली, खेळावंसं वाटलं की वेळ लिहायची, बाकी काही नाही. वहीत दोनच वेळा पुन्हा पुन्हा यायच्या, दुपारी चार आणि रात्री अकरा. चार म्हणजे पूर्वी गोलबागेत जायची वेळ. मग चारला त्यांना बाहेर काढायचं ठरलं. पण गोलबागेत जायचं म्हणजे ज्यांचे पैसे घेतले त्यांच्यासमोर जायचं. भावानं आधी सगळ्यांचे पैसे फेडले. दोघेजण म्हणाले, "आम्हाला वाटलं औषधाला लागतायत, मागायचं कसं?" पहिल्या दिवशी अप्पा बागेच्या कठड्यापर्यंत गेले आणि परत आले. चौथ्या दिवशी बसले.

पैशांची व्यवस्था हा सगळ्यात रुक्ष भाग होता आणि माझ्या मते निम्मा इलाज तोच ठरला. पेन्शनचं खातं आई-अप्पांचं मिळून आहे. त्यावरचं यूपीआय बंद केलं, कार्ड आईच्या कपाटात. दोन तारखेला रक्कम आपोआप आईच्या स्वतंत्र खात्यात जाते. अप्पांच्या फोनवर एक छोटं खातं ठेवलं, त्यात महिन्याला तीन हजार. ते कशाला खर्च केले हे कुणी विचारायचं नाही, ही अट ताईंनी आम्हाला घातली, अप्पांना नव्हे. एरवी जबरदस्ती झाली असती. पण अप्पांनी स्वतः कागद मागितला आणि कार्यालयीन टिपणी लिहिली. हात चालेना म्हणून ते सांगत गेले, माझा मुलगा लिहीत गेला. "विषय: निवृत्तिवेतन खात्यावरील व्यवहारांबाबत. उपरोक्त विषयान्वये मी, खाली सही करणार, स्वखुशीने कळवितो की…" शेवटी "प्रत माहितीसाठी: चि. मुलगा, संभाजीनगर." सही मुंग्यांचीच. तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

हे सगळं सुरळीत चाललं असताना २०२४ च्या जूनमध्ये आईला धुण्यात त्यांच्या खिशात मटक्याची चिठ्ठी सापडली. कल्याण, जोडी, पन्नास रुपये. तेव्हा प्रामिपेक्सोल बंद होऊन तीन महिने होऊन गेले होते. आईनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज कापत होता. मी ताईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "आईंना ती चिठ्ठी सापडू दिली की लपवली होती?" वरच्या खिशात होती, दुमडलेलीही नव्हती. "मग त्यांना सांगायचं होतं. ओरडू नका." ओरडलो नाही, पण जेवताना आई ताटात बघतच म्हणाली, "अहो, खंडोबाला परत जायचं का?" अप्पा म्हणाले, "नको. ताईंकडे जाऊ." गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं, वहीत तीन दिवस खोट्या वेळा लिहिल्या होत्या.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. वीस तारखेला लोकसभा, एकवीसला राज्यसभा, बावीसला राष्ट्रपतींची सही. कौशल्य की नशीब हा वादच त्यांनी संपवला, पैसे लावले की बंदी. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला आहे. अप्पांनी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला. "तीन दिवसांत फाइल निघाली. आमच्या खात्यात कधी निघाली नाही." मग जरा वेळानं, "माझ्या अकरा लाखांचं त्यात काही कलम दिसत नाही." पाटल्या तोवर सुटल्या होत्या. एक सोडवली होती भावानं, दुसरी मी. आई घालत मात्र नाही. म्हणते, हातात जड लागतात.

गेल्या महिन्यात त्यांना तपासायला नेलं. बाहेर बाकावर आम्ही दोघं, हातात टोकन. सत्तेचाळीस. समोर लाल आकडे पुढं सरकत होते, एकोणचाळीस, चाळीस. अप्पांनी टोकन गुडघ्यावर ठेवलं आणि थरथरत्या बोटानं त्यावरून फिरवत पुटपुटले, "चार नि सात अकरा. एक्का."

मग त्यांना कळलं की मी ऐकलंय.

"वही आणलीय का?" मी विचारलं.

"पिशवीत आहे," ते म्हणाले. "काढ. साडेदहा वाजलेत, लिही."